युद्धनौका, लहान होडी आणि पहारेकऱ्याच्या हातातली तीस सेकंदे

प्रति,
मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

विषय : बंदरात उभ्या असलेल्या युद्धनौकांचे लहान होड्यांच्या हल्ल्यापासून संरक्षण

महोदय,

आपल्या नौदलात अलीकडे नव्या युद्धनौका ज्या गतीने दाखल होत आहेत, त्यांचे सविस्तर वृत्तांत आपल्या आणि इतर दैनिकांत वाचायला मिळतात. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात सामील झाली, तेव्हा क्षेपणास्त्रांचा पल्ला, रडारला चकवणारी बांधणी, देशी बनावटीच्या भागांचे प्रमाण अशी माहिती रकानेच्या रकाने भरून आली, आणि ती यायलाही हवी. मात्र या वृत्तांतांत एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हीच नौका जेव्हा खोल समुद्रात नसते, धक्क्याला बांधलेली किंवा नांगर टाकून उभी असते, मुख्य इंजिने बंद असतात आणि खलाशांपैकी बरेच जण सुट्टीवर शहरात गेलेले असतात, तेव्हा बाजारात कोणालाही विकत मिळेल अशी एखादी फायबरची होडी स्फोटके भरून तिच्या कुशीला येऊन भिडली तर तिला कोण आणि कसे अडवणार? मी व्यापारी जहाजांवर इंजिनीअर म्हणून नोकरी केलेला, नौदलाशी थेट संबंध नसलेला माणूस आहे. तरीही बंदरात उभ्या असलेल्या जहाजाच्या अवतीभोवती काय काय चालते हे जवळून पाहिलेले असल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

या प्रश्नाचे भीषण उत्तर १२ ऑक्टोबर २००० रोजी येमेनमधील एडन बंदरात मिळाले. अमेरिकन नौदलाची ‘यूएसएस कोल’ ही विनाशिका भूमध्य समुद्रातून सुएझ कालव्यामार्गे आखाताकडे निघाली होती आणि केवळ इंधन भरून घेण्यासाठी काही तास एडनला थांबली होती. दीडशे मीटरहून अधिक लांब, आठ हजार टनांपेक्षा जास्त वजनाची आणि एकाच वेळी अनेक विमाने व क्षेपणास्त्रे हेरून त्यांच्यावर मारा करू शकणारी ही नौका त्या काळच्या सर्वांत आधुनिक युद्धनौकांपैकी एक होती. सकाळी तिला बंदरातील इंधनाच्या फलाटाला बांधले गेले, साडेदहाच्या सुमारास इंधन भरायला सुरुवात झाली, आणि ११ वाजून १८ मिनिटांनी दोन माणसे असलेली एक लहान होडी तिच्या डाव्या बाजूला, मध्यभागी येऊन लागली. होडीतल्या माणसांनी डेकवरच्या खलाशांना हात हलवून दाखवला, असे पाहणाऱ्यांनी नंतर सांगितले. पुढच्या क्षणी झालेल्या स्फोटाने नौकेच्या कुशीला सुमारे १२ मीटर बाय १८ मीटरचे भगदाड पडले. जेवणाची वेळ होत आली होती आणि भगदाड नेमके भटारखान्यालगत पडले, त्यामुळे रांगेत उभे असलेले खलाशी सापडले. १७ जण मरण पावले आणि तीसहून अधिक जखमी झाले. वीज गेलेली, पंप बंद पडलेले, अशा अवस्थेत उरलेल्या खलाशांनी काही दिवस झुंजून, वेळप्रसंगी बादल्यांनी पाणी उपसून नौका तरंगती ठेवली. अखेर ‘ब्लू मार्लिन’ या नॉर्वेजियन जहाजाच्या पाठीवर लादून तिला मायदेशी न्यावे लागले.

त्याआधीची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हाच हल्ला याच बंदरात ३ जानेवारी २००० रोजी ‘यूएसएस द सुलिव्हन्स’ या नौकेवर व्हायचा होता, पण स्फोटकांचे ओझे जास्त झाल्याने हल्लेखोरांची होडी किनाऱ्याजवळच बुडाली. त्यांनी निमूटपणे सामान बाहेर काढले, चूक सुधारली आणि नऊ महिने वाट पाहिली. पहिला प्रयत्न झाला होता हे ‘कोल’वरील हल्ल्यानंतरच्या तपासात उघड झाले, तोवर त्याचा कोणाला पत्ताही नव्हता. याचा अर्थ त्या नऊ महिन्यांत त्याच बंदरात अमेरिकेच्या ज्या ज्या नौका आल्या, त्या नशिबावर हवाला ठेवून आल्या आणि गेल्या.

‘कोल’वरच्या पहारेकऱ्यांनी ती होडी जवळ कशी येऊ दिली, असा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाला साहजिक पडतो. जहाजावर काम केलेल्याला मात्र तो तितकासा पडत नाही. जहाज बंदरात लागले की घटकाभरात त्याच्याभोवती होड्यांची ये-जा सुरू होते. दोर धरून बोयाला बांधणारे येतात, पाण्याची बार्ज येते, एजंटची लाँच येते, कचरा न्यायला कोणी येतो, भाजीपाला आणि अंडी घेऊन पुरवठादार येतो, आणि यांच्या जोडीने काही विकायला, काही मागायला किंवा नुसतेच बघायला आलेलेही असतात. शिडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला यातला प्रत्येक जण ओळखीचा नसतो, आणि परक्या बंदरात तर कोणीच नसतो. ‘कोल’ला त्या दिवशी दोर बांधण्यासाठी आणि कचरा नेण्यासाठी होड्या येऊन गेल्याच होत्या, त्यामुळे ही होडीही त्यांतलीच असावी असा समज झाला. शिवाय समोरून हल्ला झाल्याखेरीज गोळी झाडायची नाही अशा सूचना आपल्याला होत्या, असे तिच्यावरच्या काही पहारेकऱ्यांनी पुढे सांगितले. हात हलवणाऱ्या माणसावर बंदूक चालवण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याच्या हातात बंदूक असून उपयोग काय?

पुढे जनरल क्राउच आणि अॅडमिरल गेहमन यांच्या आयोगाने जानेवारी २००१ मध्ये अहवाल दिला, आणि त्यात एका तळाहून दुसरीकडे जाताना परक्या बंदरात थांबणाऱ्या नौकांच्या संरक्षणाकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवले. नौदलाच्या स्वतंत्र चौकशीत, ठरवून दिलेले काही सुरक्षा उपाय नौकेवर पाळले गेले नव्हते, पण ते सगळे पाळले असते तरी हल्ला टळला असताच असे म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष निघाला. कप्तान कर्क लिपोल्ड यांच्यावर कारवाई झाली नाही, मात्र त्यांची बढती पुढे कायमची अडली. दोष नेमका कोणाचा हे ठरवता येत नसले की असा मधला मार्ग काढण्याची रीत सगळ्याच देशांत दिसते.

या प्रश्नाचा गाभा माझ्या मते अंतर आणि वेळ या दोनच गोष्टींत आहे. ३० नॉट वेगाने येणारी होडी एका सेकंदात सुमारे पंधरा मीटर पाणी कापते. ती ५०० मीटरवर असताना पहारेकऱ्याच्या लक्षात आली, तर त्याच्या हातात तीसेक सेकंदे असतात. त्या तीस सेकंदांत त्याने होडी ओळखायची, ती वाट चुकली आहे की चालून येते आहे हे ठरवायचे, कर्ण्यावरून हटकायचे, उत्तराची वाट पाहायची, अधिकाऱ्याला कळवायचे, त्याची परवानगी मिळवायची, इशाऱ्याच्या गोळ्या झाडायच्या आणि तरीही होडी वळली नाही तर तिच्या इंजिनावर नेम धरायचा. होडी २०० मीटरवर असताना लक्षात आली तर उरतात तेरा सेकंदे. फायबरची, पाण्यापासून हातभर उंच असलेली होडी रडारवर लाटांच्या गर्दीत हरवून जाते. म्हणजे शेवटी भिस्त विशी-बाविशीच्या एका मुलाच्या डोळ्यांवर आणि धीरावर, आणि त्याच्या मागे असलेल्या प्रक्षेपणास्त्रांचा त्या क्षणी काडीचाही उपयोग नाही.

यावर ‘मग पहारेकऱ्याला सरळ गोळी घालायची मुभा द्या’ असे उत्तर चटकन सुचते, आणि ते किती घातक आहे हे आपल्याच देशाच्या कोळ्यांनी सोसलेले आहे. १६ जुलै २०१२ रोजी दुबईजवळ जेबेल अलीच्या समुद्रात ‘रॅपाहॅनॉक’ या अमेरिकन नौदलाच्या इंधनवाहू जहाजाने जवळ येणाऱ्या एका मासेमारी होडीवर गोळीबार केला. त्यात भारतीय मच्छीमार होते. तामिळनाडूचा एक जण ठार झाला आणि तिघे जखमी झाले. ‘कोल’ची आठवण मनात घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला ती होडी हल्लेखोर वाटली, आणि होडीतले लोक रोजच्यासारखे कामावरून परत चालले होते. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला केरळच्या किनाऱ्यापलीकडे ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी चाचे समजून ‘सेंट अँटनी’ या बोटीवर गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार मारले गेले. ते प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये दहा कोटी रुपयांच्या भरपाईनंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयात संपले. पहारेकऱ्याने गोळी झाडली नाही तर ‘कोल’, आणि झाडली तर ‘सेंट अँटनी’. दोन्हीकडे निर्णय घेणाऱ्याला मिळालेला वेळ जवळपास तेवढाच होता आणि समोरच्या होडीबद्दल आधीपासून असलेली माहितीही तेवढीच, म्हणजे शून्य. म्हणूनच युद्धनौकांच्या संरक्षणाचा विचार करताना तो प्रश्न नौदलाइतकाच कोळीवाड्यांचाही आहे, हे मला आवर्जून मांडायचे आहे.

अमेरिकेने यावर काढलेला तोडगा साधा आहे. सप्टेंबर २००१ नंतर त्यांनी आपल्या किनाऱ्यावर प्रत्येक युद्धनौकेभोवती ५०० यार्डांचे संरक्षित क्षेत्र कायद्याने आखले. या कक्षेत शिरणाऱ्या कोणत्याही होडीने कमीत कमी वेगाने चालायचे आणि नौकेच्या सूचना ऐकायच्या, आणि १०० यार्डांच्या आत परवानगीशिवाय यायचेच नाही. नॉरफोक आणि सॅन दिएगोसारख्या तळांवर पाण्यावर तरंगणारी कुंपणेही घातली गेली. हा नियम हल्लेखोर पाळणार नाही, हे उघड आहे. पण बाकीचे सगळे पाळतात, म्हणून न पाळणारा लगेच नजरेत भरतो. पहारेकऱ्याला यापुढे माणसाचे मन ओळखावे लागत नाही, त्याला फक्त एवढेच पाहायचे असते की ५०० यार्डांच्या आत आल्यावर या होडीने वेग कमी केला की नाही.

श्रीलंकेचा अनुभव याहून कडवट आणि आपल्या अधिक जवळचा आहे. लिट्टेच्या ‘सी टायगर्स’ या सागरी तुकडीने आत्मघाती होड्यांचे तंत्र जगात सर्वांत जास्त वापरले. १९ एप्रिल १९९५ रोजी त्रिंकोमाली बंदरात पाण्याखालून पोहत गेलेल्या त्यांच्या माणसांनी ‘सूरया’ आणि ‘रणसुरू’ या दोन गस्ती नौका उडवल्या आणि तेव्हाची शस्त्रसंधी तिथेच संपली. भर समुद्रात त्यांची पद्धत अशी, की एकाच वेळी डझनावारी होड्या चहूबाजूंनी सुटायच्या आणि त्यांतल्या एक-दोन स्फोटकांनी भरलेल्या असायच्या. कोणत्या, हे भिडेपर्यंत कळायचे नाही. मोठ्या नौकेच्या तोफेने एक होडी टिपेपर्यंत दुसरी कुशीला लागायची. याला श्रीलंकेच्या नौदलाने शोधलेले उत्तर म्हणजे मोठ्या नौकांवर आणखी तोफा बसवण्याऐवजी शत्रूच्याच आकाराच्या शेकडो होड्या देशातच बांधायच्या, त्यांवर प्रशिक्षित तरुण बसवायचे आणि झुंडीला झुंडीनेच गाठायचे. नौदलप्रमुख अॅडमिरल वसंत करन्नागोडा यांच्या काळात ‘अॅरो’ नावाच्या या फायबरच्या होड्यांनी सी टायगर्सचे कंबरडे मोडले. जगातल्या बड्या नौदलांना न जमलेली ही गोष्ट एका लहान, खर्चाला बिचकणाऱ्या नौदलाने करून दाखवली, याची जितकी दखल आपल्याकडे घ्यायला हवी होती तितकी घेतली गेली नाही, असे माझे मत आहे.

अर्थात आपण काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहा दहशतवाद्यांनी कराचीहून निघून पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेतली, तिच्यावरचे खलाशी मारले आणि शेवटचा टप्पा रबरी होडीतून पार करून ते कफ परेडच्या बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या रहिवाशांनी त्यांना हटकलेही होते. त्यानंतर सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे आली. २००९ मध्ये सुमारे हजार जवान आणि ८० वेगवान गस्ती होड्यांच्या ‘सागर प्रहरी बला’ला मंजुरी मिळाली. या होड्या श्रीलंकेतल्या एका कंपनीने बांधल्या, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, सागरी पोलीस ठाणी निघाली, गुरुग्राम येथे माहिती एकत्र करणारे केंद्र २०१४ पासून काम करू लागले, आणि ‘सागर कवच’सारखे सराव नियमित होऊ लागले.

तरीही समुद्राने अधूनमधून आपली परीक्षा घेतलीच आहे. ३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ हे खलाशांनी महिनाभरापूर्वी सोडून दिलेले तेलवाहू जहाज वाहत वाहत थेट जुहूच्या चौपाटीला येऊन लागले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला तीन एके-४७ रायफली असलेली बेवारस नौका सापडली आणि रायगड जिल्ह्यात धावपळ उडाली. ती नौका मस्कतजवळ बिघाड झाल्याने सोडून दिलेली होती आणि घातपाताचा संबंध नव्हता, हे नंतर स्पष्ट झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मालकाच्या जाचाला कंटाळलेले तीन तामिळ मच्छीमार त्याचीच ‘अब्दुल्ला शरीफ’ ही बोट घेऊन कुवेतहून निघाले आणि मुंबई पोलिसांच्या गस्ती बोटीने त्यांना हटकले तेव्हा ते गेटवेच्या आसपास पोहोचले होते. तिघेही बिचारे पोटासाठी पळून आलेले होते. पण गेटवेपासून नौदल गोदी किती लांब आहे, हे मांडव्याच्या कॅटामरानने जा-ये करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मुंबई बंदराचा खरा पेच या गर्दीत आहे. एका बाजूला नौदलाची गोदी आणि नांगरावर उभ्या युद्धनौका, पलीकडे जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के, ट्रॉम्बे, न्हावा-शेवा, आणि या सगळ्यांच्या मधून घारापुरी, मांडवा, रेवस, मोरा, करंजा इकडे जाणाऱ्या लाँच, रो-रो, ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणारे ट्रॉलर, शिवाय धनिकांच्या यॉट आणि सुट्टीच्या दिवशी फेरफटका मारणाऱ्या स्पीडबोटी. या पाण्यात जागा किती कमी आहे हे १८ डिसेंबर २०२४ च्या दुर्घटनेने दाखवले. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान होडी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. ती होडी आपल्याच नौदलाची होती आणि तो निव्वळ अपघात होता. पण लाँचवरून टिपलेले ते चित्रण ज्यांनी पाहिले, त्यांना एक गोष्ट नक्की जाणवली असेल. होडी दूरवर वळसे घेताना दिसते, प्रवासी ती कुतूहलाने बघत असतात, आणि ती आपल्याकडेच येते आहे हे ध्यानात येईपर्यंत काही करायला वेळ उरलेला नसतो. युद्धनौकेच्या डेकवरच्या पहारेकऱ्यालाही हेच दृश्य दिसणार आहे.

अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. युक्रेनने माणूस नसलेल्या, दुरून चालवल्या जाणाऱ्या होड्यांनी रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याला जेरीस आणले. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘इव्हानोवेत्स’ ही क्षेपणास्त्र नौका आणि ‘सीझर कुनिकोव्ह’ हे सैन्यवाहू जहाज, तर मार्चमध्ये ‘सर्गेई कोतोव्ह’ ही गस्ती नौका त्यांनी बुडवली. यासाठी वापरलेली ‘मागुरा’ ही होडी जेमतेम साडेपाच मीटर लांब असून पाण्यावर तिचा जो भाग दिसतो तो गुडघाभर उंचीचा असतो. क्रिमियातील सेव्हास्तोपोल या आपल्या तळाच्या तोंडाशी अडथळे आणि जाळी लावूनही रशियाला आपल्या बऱ्याच नौका नोव्होरोसिस्कला हलवाव्या लागल्या. हे दोन देशांतील युद्ध आहे, दहशतवाद नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. पण ३० जानेवारी २०१७ रोजी येमेनच्या हूथी बंडखोरांनी सौदी अरेबियाच्या ‘अल मदिना’ या फ्रिगेटवर दुरून चालवलेल्या होडीनेच हल्ला केला होता, म्हणजे हे तंत्र सरकारांच्या हाती राहिलेले नाही. जीव द्यायला तयार असलेला माणूस शोधण्याची गरजही आता संपली आहे.

धोका पाण्यातूनच येतो असेही नाही. ६ सप्टेंबर २०१४ रोजी कराचीच्या नौदल गोदीत पाकिस्तानची ‘झुल्फिकार’ ही फ्रिगेट बळकावण्याचा जो प्रयत्न अल कायदाने केला, त्यात त्याच नौदलातले लोक सामील होते. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, म्हणून येथे केवळ उल्लेख करून थांबतो.

आता आपल्याकडे काय करता येईल याबद्दल. गोदीच्या आसपास प्रतिबंधित क्षेत्र अर्थातच आहे. पण लाँचच्या तिकीटखिडकीवर, भाऊच्या धक्क्यावर किंवा मांडव्याच्या जेट्टीवर ‘युद्धनौकेपासून इतके मीटर दूर राहा, इतक्या अंतरावर वेग कमी करा, हटकल्यास असे करा’ अशी मराठीतली, चित्रासह पाटी मला कधी दिसलेली नाही. नांगरावर उभ्या प्रत्येक नौकेभोवती किती अंतर मोकळे ठेवायचे ते जाहीर करावे, शक्य तिथे बोये टाकून ते पाण्यावर दाखवावे आणि प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या मुख्य नाविकाला, ते पाठ असावे. हे अंतर ठरवताना कोळ्यांच्या पारंपरिक वाटा आणि जाळी लावण्याच्या जागा गिळल्या जाऊ नयेत, आणि जिथे त्या घ्याव्याच लागतील तिथे भरपाई आधी ठरावी. तरंगत्या कुंपणाचा विचारही व्हावा. मात्र मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, प्रवाह जोराचा असतो आणि पावसाळ्याचे चार महिने समुद्र काय करतो हे सर्वांना माहीत आहे, त्यामुळे परदेशी नमुना आणून जसाच्या तसा बसवणे येथे चालणार नाही. त्याची देखभाल करणारी माणसे आणि खर्च यांची तरतूद आधी हवी, नाहीतर दोन पावसाळ्यांत ते कुंपण शेवाळ आणि कालवे धरून भंगारात जाईल.

दुसरी गोष्ट पहारेकऱ्याच्या अधिकाराची. हटकण्यापासून गोळीबारापर्यंतच्या पायऱ्या, म्हणजे भोंगा, कर्णा, प्रखर दिवा, फ्लेअर, पाण्याचा फवारा, इशाऱ्याच्या गोळ्या आणि त्यानंतर इंजिनावर नेम, यांतली कोणती पायरी कोण, कोणाला न विचारता वापरू शकतो हे लेखी ठरलेले असावे आणि त्याचा सराव दिवसाउजेडी, रात्री आणि पावसात व्हावा. नौदलाच्या आतील नियम गोपनीय असणे समजू शकते. परंतु सर्वसामान्य तांडेलाला कर्ण्यावरून कोणत्या भाषेत आणि कोणत्या शब्दांत हटकले जाईल, आणि त्याने काय केले की तो निर्दोष समजला जाईल, हे गुप्त ठेवून कोणाचेही भले होणार नाही. ‘रॅपाहॅनॉक’च्या वेळी इशारे दिले होते असे अमेरिकन नौदलाचे म्हणणे होते, आणि आम्हाला कसलाच इशारा मिळाला नाही असे वाचलेल्या मच्छीमारांचे.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे होडीची ओळख. २० मीटरपेक्षा मोठ्या बोटींवर स्वयंचलित ओळख यंत्रणा बसवणे बंधनकारक आहे, पण आपल्या कोळ्यांच्या बहुसंख्य होड्या त्याहून लहान आहेत. त्यांच्यासाठी इस्रोने विकसित केलेले उपग्रहावर चालणारे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे होडीची ओळख आणि ठिकाण कळवणारे यंत्र, देण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. किनारपट्टीच्या १३ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत एक लाख बोटी आणि ३६० कोटी रुपये खर्च असा तिचा आवाका आहे. ही योजना कागदावर फार चांगली आहे. पण नाखव्यांशी, म्हणजे होडीमालकांशी, बोलताना शंका ऐकू येतात. या यंत्राने आमची जाळी टाकण्याची जागा दुसऱ्याला कळेल, हद्द जराशी ओलांडली की दंड होईल, यंत्र बिघडले तर दुरुस्त कोण करणार, असे त्यांचे प्रश्न आहेत आणि ते रास्त आहेत. मत्स्यव्यवसाय विभागाने बंदराबंदरांवर दुरुस्तीची सोय केली, संकटाचा संदेश पाठवल्यावर मदत खरोखर येते हे दिसले आणि मिळालेली माहिती दंडवसुलीसाठी वापरली जाणार नाही याची लेखी हमी दिली, तर यंत्र बंद करून ठेवण्याचा मोह कमी होईल. आपली होडी आपोआप ओळखली जाते म्हणजे युद्धनौकेवरच्या पहारेकऱ्याचे बोट बंदुकीच्या घोड्यावर जाण्याचे एक कारण कमी होते, हे कोणी समजावून सांगितले तर कोळी ते नक्की समजतील. समुद्रावर परकी होडी सर्वांत आधी त्यांनाच दिसते. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांच्या सागर रक्षक दलाच्या सभासदांना ओळखपत्र आणि टोपी देऊन थांबण्याऐवजी त्यांच्या फोनला रात्री दोन वाजताही उत्तर देणारा माणूस पलीकडे असला पाहिजे, आणि दिलेल्या खबरेचे पुढे काय झाले हे त्यांना कळवले गेले पाहिजे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि १ ऑगस्टपासून हजारो होड्या पुन्हा समुद्रात उतरतात. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, मुंबई बंदर प्राधिकरण आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी एकत्र बसून अंतराचे नियम, हटकण्याची पद्धत आणि ट्रान्सपॉन्डरच्या शंका यांवर प्रत्येक कोळीवाड्यात, सोसायटीच्या सभेत, मराठीतून बोलण्यासाठी बंदीच्या या दोन महिन्यांइतका सोयीचा काळ दुसरा नाही, कारण तेव्हा तांडेल आणि खलाशी दोघेही घरी असतात. आपल्या दैनिकाने संबंधितांना या वर्षीचा तो कार्यक्रम काय आहे एवढे विचारून प्रसिद्ध करावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक नियमित वाचक
(निवृत्त मरीन इंजिनीअर), अलिबाग